जुन्या फर्निचरचा काळ कसा ओळखायचा? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाडा पाडायला निघाला, आजोबांचा बंगला विकायचा ठरला किंवा रविवारी जुन्या बाजारात एखादी खुर्ची नजरेत भरली, की ठरलेले प्रश्न येतात. त्यांतले नेहमीचे इथे एकत्र केले आहेत. प्रत्येक उत्तर सुटं वाचता येईल. एकाचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. कुठल्याही जुन्या वस्तूला अँटिक म्हणायचं का? काही वर्षांची अट आहे का?

व्यापारात आणि कायद्यातही शंभर वर्षं हीच रेघ धरतात. त्याहून नव्या, पण शैली स्पष्ट दिसणाऱ्या वस्तूला ‘व्हिंटेज’ म्हणतात. पुण्यात ‘अँटिक’ म्हणून विकलं जाणारं बरंचसं फर्निचर १९३० ते १९६० मधलं असतं. ते वाईट असतं असं मुळीच नाही, फक्त शंभरीच्या भावाने घेऊ नका. कायद्याचं प्रश्न १६ मध्ये पाहा.

२. घरात एक जुनं कपाट आहे. काळ ओळखायला सुरुवात कुठून करू?

मागून. दर्शनी भागावर कोरीवकाम, पॉलिश, नवे हँडल असं काहीही चढवता येतं. पाठ, तळ आणि ड्रॉवरचं पोट यांकडे नकली माल करणाऱ्याचंही सहसा लक्ष नसतं. टॉर्च, मेजटेप, भिंग, लोहचुंबक आणि लहान स्क्रूड्रायव्हर एवढी सामग्री पुरते.

आधी सगळे ड्रॉवर बाहेर काढा आणि रिकाम्या खोबणीत टॉर्च मारा. आतलं न रंगवलेलं लाकूड कोरडं, तपकिरी-करडं दिसायला हवं. हा रंग सारखा नसतो: हवा लागते तिथे गडद, फळी फळीवर बसते तिथे फिका. आतून सगळीकडे एकसारखा चहासारखा रंग असेल, तर तो लावलेला आहे. मग पाठीमागच्या फळ्या पाहा. प्लायवूड असेल तर पाठ १९२० च्या आधीची धरू नका. त्यानंतर बिजागरीचा एक स्क्रू काढून बघा (प्रश्न ६), आणि शेवटी समोर येऊन शैली पाहा.

शैलीवरून एवढंच कळतं की वस्तू अमुक काळाच्या आधीची नाही. नंतर किती वर्षांनी घडवली, ते बांधणीवरून ठरतं. खाली जिथे तिथे हेच सूत्र लावलं आहे: नवी खूण सापडली तर ती पुरावा, जुनी खूण सापडली तर फक्त शक्यता.

३. विक्रेता म्हणतो खुर्ची पेशवेकालीन आहे. असू शकते का?

जवळजवळ नाहीच. पेशवाईतलं पुणं जमिनीवर बसणारं होतं. गादी, लोड, तक्के, पाट, चौरंग ही बसण्याची साधनं; पेटारे, संदुका, भिंतीतली फडताळं आणि कोनाडे ही ठेवण्याची; शिवाय मंचक, पलंग, झोपाळा, देव्हारा आणि कारकुनाची उतरत्या झाकणाची लिहायची पेटी. १७९० मध्ये इंग्रजांचे पुण्यातले वकील (रेसिडेंट) चार्ल्स मॅलेट यांनी पुणे दरबाराशी केलेल्या तहाचं चित्र थॉमस डॅनियलने नंतर रंगवलं. तो दरबारही जमिनीवरच्या बैठकीचाच आहे. शनिवारवाड्यातला लाकडी भाग तर १८२८ च्या आगीत गेला, तेव्हा ‘शनिवारवाड्यातली खुर्ची’ ऐकली की नमस्कार करून पुढे चालू लागावं.

पेशवेकालीन म्हणून खरोखर हाती येऊ शकतात त्या पेट्या, पाट, देव्हारे आणि इमारतीचे भाग: दारं, सुरूदार (सुरूच्या झाडाच्या घाटाचे) खांब, महिरपी, केळफुलं लोंबणाऱ्या कमानी. हे काम कसं दिसतं ते विश्रामबाग वाड्याच्या दर्शनी सज्जात पाहता येतं. वाडा दुसऱ्या बाजीरावाच्या काळातला, १८०७ च्या सुमाराचा. कोरीवकामाच्या खोलगट भागात बोट फिरवा. हाताच्या पटाशीची धार किंचित उंच-सखल लागते आणि डावी-उजवी बाजू तंतोतंत जुळत नाही. राउटर मशीनने काढलेल्या नक्षीत खोली सगळीकडे एक आणि आतले कोपरे गोल असतात.

खुर्ची, टेबल, हातांचा सोफा ही मंडळी आपल्याकडे इंग्रज आणि पोर्तुगीजांमार्फत आली, आणि पुण्याच्या घरांत मोठ्या संख्येने शिरली ती १८१८ नंतर, त्यातही एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात.

४. जॉर्जियन, रीजन्सी, व्हिक्टोरियन, एडवर्डियन यांत फरक कसा करायचा? नावं ऐकून गोंधळ होतो.

नावं इंग्लंडच्या गादीवरून पडली आहेत, आणि सगळ्यात लवकर फरक दिसतो तो पायांत. म्हणून खाली खुर्चीचे पाय धरून चालू.

क्वीन ॲनचं राज्य १७०२ ते १७१४. पाय इंग्रजी एस अक्षरासारखा वळलेला, वर गुडघा, खाली पातळ घोटा, शेवटी गोल गादीसारखं पाऊल. पाठीत मधोमध फुलदाणीच्या आकाराची अखंड फळी. लाकूड बहुतेक अक्रोड.

जॉर्जियन काळ १७१४ ते १८३० (काही जण १८३७ पर्यंत ओढतात). हा लांबलचक काळ एका शैलीचा नाही. सुरुवातीला तोच वळणदार पाय, पण पावलाशी पक्ष्याच्या नखांत धरलेला गोळा. ब्रिटनने १७२१ मध्ये आपल्या अमेरिकी वसाहतींतून येणाऱ्या लाकडावरची आयात जकात उठवल्यावर महोगनीचा सुळसुळाट झाला. थॉमस चिपेंडेलने १७५४ मध्ये नमुन्यांचं पुस्तक काढलं. त्याच्या खुर्च्यांची मधली फळी जाळीसारखी कोरलेली आणि पाय वळणदार किंवा सरळ चौकोनी. १७६० नंतर ग्रीक-रोमन वळण आलं आणि पाय खाली निमुळते झाले. हेपलव्हाईट म्हणजे ढालीच्या आकाराची पाठ (पुस्तक १७८८, त्याच्या मृत्यूनंतर). शेरेटन म्हणजे चौकोनी पाठ आणि बारीक सरळ रेषा (१७९१ पासून).

रीजन्सी राजकीय अर्थाने १८११ ते १८२०, शैली म्हणून साधारण १८०० ते १८३०. पाय तलवारीसारखा बाहेर वाकलेला, गडद लाकडात पितळी पट्ट्या बसवलेल्या.

व्हिक्टोरियन १८३७ ते १९०१. सगळं जाड, गोल आणि भरगच्च. फुग्याच्या आकाराची पाठ (१८४० नंतर), जाडजूड कातीव पाय, बटणं ठोकलेली खोल गादी, आत स्प्रिंगा, टेबलावर संगमरवर, कोटटोपी अडकवायचा आरसेवाला स्टँड. शेवटच्या पंचवीस-तीस वर्षांत याला कंटाळून साध्या रेघांचं आणि उथळ कोरीवकामाचं फर्निचरही आलं.

एडवर्डियन १९०१ ते १९१०. पुन्हा हलकं, सडपातळ, निमुळत्या पायांचं, गडद लाकडात फिक्या लाकडाची बारीक पट्टी. घोटाळा इथेच होतो. एडवर्डियन कारागिरांनी शेरेटनची उघडउघड नक्कल केली, त्यामुळे १७९० ची आणि १९०५ ची खुर्ची फोटोत जुळ्या बहिणी वाटतात. त्यांना वेगळं करतात ती व्हिनियरची (वर चिकटवलेल्या लाकडाच्या पातळ थराची) जाडी आणि स्क्रू. हाताने कापलेलं व्हिनियर दीड ते तीन मिलिमीटर जाड असतं. यंत्राचं सहसा एक मिलिमीटरच्या आत. कडेला उखडलेल्या जागी मोजता येतं.

५. इंग्लंडच्या या तारखा पुण्यातल्या फर्निचरला लागू होतात का?

अंदाजासाठी होतात, निकालासाठी नाही. इथल्या सुताराच्या हाती नमुना पोचायचा तो साहेबाच्या बंगल्यातली खुर्ची किंवा परदेशी कॅटलॉग पाहून. त्यात दहा-वीस वर्षं सहज जायची, आणि एकदा चाललेला घाट पुढे पन्नास वर्षंही टिकायचा. फुग्याच्या पाठीची खुर्ची इंग्लंडात १८७० नंतर मागे पडली. आपल्याकडे ती विसाव्या शतकातही होत राहिली.

लाकूड पाहिलं तर निम्मं काम होतं. घाट इंग्रजी आणि लाकूड सागवान किंवा शिसवी, म्हणजे काम बहुधा इथलं. ओक, बीच, अक्रोड असेल तर वस्तू बाहेरून आलेली असण्याची शक्यता जास्त. महोगनीबाबत घाई नको. तिची झाडं १७९५ मध्येच कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानात लावली गेली होती.

आणखी एक इथलंच वैशिष्ट्य म्हणजे मिसळ. शेरेटनचे पाय, व्हिक्टोरियन पाठ आणि हातावर मोर कोरलेला, अशी खुर्ची दिसली की ‘जोडकाम’ म्हणून धुडकावू नका. सुताराने गिऱ्हाइकाच्या फर्माइशीप्रमाणे एकदमच केलेली असू शकते. खरं जोडकाम कसं पकडायचं ते प्रश्न १३ मध्ये आहे.

६. स्क्रू आणि खिळ्यांवरून साल कळतं म्हणतात. नेमकं काय पाहायचं?

बिजागरीचा एक स्क्रू काढून तळहातावर घ्या.

टोक बोथट, आटे कमी-जास्त अंतरावर, डोक्यावरची खाच मध्यापासून सरकलेली: हाताने कानशीने घासलेला स्क्रू, साधारण १८५० च्या आधीची पद्धत. टोक अणकुचीदार, आटे एकसारखे, खाच मधोमध: यंत्राचा, १८५० नंतरचा. डोक्यावर अधिक चिन्हासारखी खाच, म्हणजे फिलिप्स स्क्रू: १९३० च्या दशकाच्या आधीचा असूच शकत नाही. गोल तारेचे खिळे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या वीस वर्षांत सर्रास झाले. त्याआधीचे खिळे चौकोनी आडछेदाचे.

एका स्क्रूवरून निकाल देऊ नका. बिजागरी बदलणं ही सर्वांत सामान्य दुरुस्ती. पाहायचं ते भोक: जुन्या स्क्रूभोवती सागवानात काळा डाग धरलेला असतो, लोखंड आणि लाकडातल्या टॅनिनमुळे. बिजागरीखाली डाग एकीकडे आणि स्क्रू दुसरीकडे असेल, तर बिजागरी नंतरची, कपाट मात्र जुनं असू शकतं. उलट काळा डाग कुठेच नाही आणि स्क्रू तेवढे गंजके, तर कोणीतरी जुने स्क्रू जमवून नव्या कपाटाला लावले आहेत.

आपल्याकडची अडचण अशी, की लोहाराने ठोकलेले चौकोनी खिळे गावोगाव विसाव्या शतकातही वापरात होते. इंग्रजी पुस्तकातला नियम उलटा लावून ‘हातचे खिळे आहेत म्हणजे १८५० च्या आधीचं’ असं म्हणता येत नाही.

७. आणि करवतीच्या खुणा, डव्हटेल सांधे (एकमेकांत अडकणाऱ्या पसरट दातांचे)?

तीच गोष्ट. न रंधलेल्या पाठीवर कमानीसारख्या वळलेल्या खुणा दिसल्या तर फळी गोल करवतीवर चिरलेली; वस्तू अठराव्या शतकातली नाही. सरळ, पण कमी-जास्त तिरक्या खुणा हातकरवतीच्या. मात्र इथे आराकश दोघं मिळून ओंडके चिरायचे, तेही विसाव्या शतकात बराच काळ, त्यामुळे हातखुणा जुनेपण सिद्ध करत नाहीत.

ड्रॉवरच्या कोपऱ्यातल्या डव्हटेलमध्ये दात आणि फटी अगदी एका मापाच्या असतील तर यंत्राचं काम, साधारण १८९० नंतरचं. दात बारीक, फटी रुंद, आखणीची टोचलेली रेघ दिसते आहे, तर हातचं. हातचे सांधे पुण्यात आजही चांगला सुतार घालतो, तेव्हा त्यावरून वय काढू नका. कारागिरीची प्रत मात्र कळते.

८. शिसवी आहे की सागवानाला काळं पॉलिश? विकणारे सगळ्यालाच ‘अस्सल शिसवी’ म्हणतात.

उचलून पाहा. शिसवी घनमीटरला साधारण ८५० किलो, सागवान साधारण ६५०. त्याच मापाची शिसवी खुर्ची उचलताना फरक लगेच जाणवतो.

मग पायाचा तळ बघा, तिथे पॉलिश नसतं. शिसवीत जांभळट-तपकिरी रंगात काळ्या रेघा, छिद्रं सगळीकडे विखुरलेली. सागवानात सोनेरी-तपकिरी रंग आणि वर्षवलयांच्या ओळीत छिद्रं. घासलं तर चामड्यासारखा तेलकट वास.

स्पिरिटची चाचणी बहुतेक जण चुकीची वाचतात. पांढरा कापूस स्पिरिटमध्ये बुडवून झाकलेल्या जागी दहा सेकंद घासा. कापूस जांभळट झाला तर घाबरू नका: शिसवीचा स्वतःचा रंग स्पिरिटमध्ये उतरतो. कापूस काळा किंवा चॉकलेटी झाला आणि खाली पिवळट लाकूड उघडं पडलं, तर वर रंग दिलेला होता.

उत्तरेकडचं शीशम आणि आपलं शिसवी एकाच कुळातलं, पण शीशम जास्त तपकिरी आणि फिकट. जोधपूरहून येणारं ‘जुनं’ फर्निचर बरंचसं शीशम किंवा आंब्याच्या लाकडाचं असतं.

९. घरी काळीभोर, सगळीकडे कोरलेली जड खुर्ची आहे. ही कुठली शैली?

बहुधा बॉम्बे ब्लॅकवुड. ब्लॅकवुड म्हणजे हीच शिसवी. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून शेवटापर्यंत मुंबईत युरोपीय आणि श्रीमंत पारशी गिऱ्हाइकांसाठी हे फर्निचर झालं: व्हिक्टोरियन सांगाडा, त्यावर आरपार कोरलेली पानं, वेली, पक्षी, कधी सिंहमुखं.

जाळी आरपार असल्याने नेमकी तीच तुटते. पाठ उजेडासमोर धरा. नंतर बसवलेली पानं रंगात किंचित लाल दिसतात आणि लाकडाची रेघ शेजारच्या पानाशी जुळत नाही. थोडी दुरुस्ती असणारच. आपटून-धोपटून शंभर वर्षं राहिलेल्या जाळीत एकही सांधा नसेल तर उलट शंका घ्यावी.

१०. लष्कर भागातून पितळी कोपऱ्यांची पेटी-ड्रॉवर घेतली. ‘कॅम्पेन’ म्हणजे काय?

छावणीबरोबर हलवायचं लष्करी फर्निचर. कॅम्प भागात आजही ते निघतं, यात नवल नाही. खरं असेल तर प्रत्येक गोष्टीला प्रवासाचं कारण सापडतं: ड्रॉवरचा स्टँड वर-खाली दोन तुकड्यांत सुटतो, पाय आटे फिरवून निघतात, हँडल खोबणीत बुडालेली असतात म्हणजे दोरखंड अडकणार नाही, कोपऱ्यांचं पितळ लाकडाच्या पातळीत बसवलेलं असतं.

पितळावर नख फिरवा. लाकडावर पायरी लागली तर पट्टी वरून ठोकली आहे. चुंबक लावा, चिकटलं तर पितळी मुलामा दिलेलं लोखंड. पायांचे आटे लाकडात कापलेले असतील तर झिजलेले दिसायला हवेत. याच घराण्यातली रुरकी खुर्ची एकोणिसाव्या शतकाच्या शेवटची: गोल दांडे, कॅनव्हास किंवा चामडं, एकही डिंक लावलेला सांधा नाही, बसणाऱ्याच्या वजनानेच ती घट्ट होते.

११. इराणी हॉटेलातल्या गोल बैठकीच्या काळ्या खुर्च्या थोनेटच्याच असतात का?

काही असतात, बऱ्याच नसतात. मिशाएल थोनेटच्या कंपनीने १८५९ मध्ये चौदा नंबरची खुर्ची आणली: वाफेवर वाकवलेले बीच लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू, दोन नट. १८६९ मध्ये पेटंट संपलं आणि अनेक कारखाने तोच माल काढू लागले.

बैठकीच्या कड्याची आतली बाजू पाहा. छाप किंवा कागदी लेबल तिथे असतं. नाव वाचता आलं नाही तरी देश वाचा: पोलंड किंवा चेकोस्लोव्हाकिया लिहिलं असेल तर खुर्ची १९१८ नंतरची, कारण त्याआधी नकाशावर ते देशच नव्हते.

छाप नसेल तर वाकाकडे बघा. वाफेवर वाकवलेल्या लाकडात रेषा वळणाबरोबर वळतात. फळीतून गोलाई कापून काढली असेल तर रेषा वळणावर कडेला तुटतात, आणि अशी खुर्ची तिथेच मोडते. इथली नक्कल बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारची असते.

१२. वेताची बैठक मूळची आहे का, हे कळतं का?

खुर्ची उलटी करा. चौकटीत साधारण बारा मिलिमीटर अंतरावर आरपार भोकं असतील तर ती हाताने विणण्यासाठी केलेली. चौकटीत सलग खोबण आणि त्यात दाबलेली वेताची दोरी असेल तर आत तयार विणलेला तागा बसवला आहे. हा यंत्राचा तागा १८७० नंतरचा. भोकं आहेत, पण ती बुजवून वरून खोबण पाडलेली दिसते, म्हणजे जुन्या चौकटीवर नवी सोय.

वेत स्वतः मूळचा असण्याची अपेक्षा ठेवू नका. रोज वापरातली बैठक वीस-तीस वर्षांत पुन्हा विणावीच लागते.

१३. कपाटाचा वरचा भाग एका काळातला आणि खालचा दुसऱ्या, असं होतं का?

होतं, आणि फार होतं. वाटण्या झाल्या, जिन्यातून जाईना, वाळवी लागली, की उरलेले अर्धे एकत्र येतात. दोन्ही भागांची पाठ शेजारी शेजारी पाहा: फळ्यांची रुंदी, दिशा आणि रंग जुळायला हवा. वरचा भाग खालच्याहून थोडा अरुंद असणं ठीक, पण तो जिथे बसतो तिथे पट्टी मुळातच असते. खालच्या भागाचा माथा पूर्ण पॉलिश केलेला असेल तर तो एकेकाळी एकटाच उभा होता. कपाटाखाली झाकल्या जाणाऱ्या जागेवर कोणी पॉलिश वाया घालवत नाही.

१४. वाड्याच्या तुळयांपासून केलेलं टेबल अँटिक धरायचं का?

लाकूड जुनं, टेबल नवं. प्रामाणिकपणे तसं सांगून विकलं तर उत्तम वस्तू आहे, कारण जुन्या वाशातलं सागवान मुरलेलं असतं आणि सहसा वाकत नाही. फसवणूक होते ती दोनशे वर्षांचं ‘टेबल’ म्हटल्यावर. कामाविना राहिलेल्या चौकोनी खाचा, लांबीच्या मधोमध बुजवलेली कुसवाची भोकं, काळं कडं असलेली रिकामी खिळ्यांची भोकं या खुणा पाहा. टेबलाला ज्या जागी खाचेची गरजच नाही तिथे ती असेल, तर लाकडाचा हा दुसरा जन्म.

किडीची भोकंही इथे बोलतात. भुंगा पृष्ठभागावर फक्त गोल भोक ठेवतो, बोगदा आत असतो. फळीवर उघड्या, नागमोडी चरांसारखे बोगदे दिसले, तर कीड लागून गेल्यावर लाकूड चिरलं आहे. नकली भोकं ड्रिलची: बारीक तार घातली तर सरळ जाते, खऱ्या भोकात ती काही मिलिमीटरवर अडते. शिवाय सागवानाच्या गाभ्याला भुंगा सहसा लागत नाही; गाभ्यावर चाळण दिसली तर विचारा का ते. भोकाची कड पांढरी आणि खाली भुगा पडत असेल, तर कीड आजही जिवंत आहे. ती वस्तू घरातल्या बाकी लाकडाजवळ ठेवू नका.

१५. छाप, नंबर, आतले कागद यांचा उपयोग होतो का?

होतो, कधी कधी इतर सगळ्याहून जास्त. रेल्वेचे छाप पुण्यात नेहमी सापडतात. ‘जी.आय.पी.’ म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे. ती १९५१ मध्ये मध्य रेल्वेत विलीन झाली, तेव्हा छाप त्याआधीचा. ‘एम. अँड एस. एम.’ म्हणजे मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वे, १९०८ ते १९५१. कुलपावर किंवा हँडलवर चौकट-बर्फीसारखी खूण आणि कोपऱ्यांत अक्षरं असतील, तर ती ब्रिटिश डिझाइन नोंदणीची, १८४२ ते १८८३ मधली. १८८४ पासून नुसता नोंदणी क्रमांक येतो. ही तारीख घाटाच्या नोंदणीची, वस्तू घडवल्याची नव्हे.

ड्रॉवरमध्ये अंथरलेलं जुनं वर्तमानपत्र मात्र मनोरंजनाला ठेवा. ‘केसरी’चा १९०५ चा अंक १९५० च्या टेबलातही घालता येतो, आणि घालतातही.

जाड, कड घासलेल्या प्रत्येक आरशाला ‘बेल्जियन’ म्हणायची पद्धत आहे. त्याऐवजी मागची बाजू पाहा. करडी, कडेला स्फटिकासारखी चमकणारी असेल तर कथील-पाऱ्याचा जुना मुलामा. चांदीची पद्धत १८३५ नंतरची आणि पुढे तीच रुळली. पाऱ्याचा मुलामा खरवडू नका, विषारी असतो.

१६. मुलगा अमेरिकेत आहे. आजीचा पलंग तिकडे पाठवता येईल का?

शंभर वर्षं पूर्ण झालेली कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्याच्या कक्षेत येऊ शकते, आणि पुरावशेष खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. वस्तू नवी असेल तरी जुनी दिसते म्हणून कस्टम्समध्ये अडते. ती पुरावशेष नाही असं प्रमाणपत्र भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून आधी घ्या, पॅकिंग नंतर.

शिसवी असेल तर आणखी एक फाटा: त्या कुळातली सगळी झाडं २०१७ पासून आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या नियंत्रित यादीत आहेत, परवान्याची चौकशी करावी लागते. हस्तिदंताची जडवणूक असेल तर विषयच संपला. वन्यजीव कायद्याने त्याचा व्यापार बंद आहे, देशातही.

१७. गोल कोपऱ्यांचं ड्रेसिंग टेबल, मोठा गोल आरसा. हे कितपत जुनं?

आर्ट डेको. नाव १९२५ च्या पॅरिस प्रदर्शनावरून आलं. आपल्याकडे जोर १९३० ते १९५०, डेक्कन आणि प्रभात रोडच्या बंगल्यांतून अजून निघतं. पायऱ्यापायऱ्यांचे कोपरे, आडव्या समांतर पट्ट्या, उलटसुलट जुळवलेलं व्हिनियर, क्रोम किंवा बेकेलाइटची (जुन्या कडक प्लास्टिकची) हँडल. सनमायका दिसला तर तो नंतर चढवला आहे किंवा वस्तूच नंतरची आहे.

१८. काळ कळण्याआधी पॉलिश करून घेतलं तर चालेल का?

नको. पॉलिशवाला पहिला हात मारतो तो खरखरीत पॉलिश कागदाचा, आणि त्यात हातखुणा, जुना रंग, छाप सगळं जातं. ते परत आणता येत नाही. कोरड्या ब्रशने धूळ काढा, मग टर्पेंटाइनमध्ये पिळलेल्या मऊ फडक्याने मळ, आणि वरून मधमाश्यांचं मेण पातळ हाताने. झाकलेल्या जागी स्पिरिट लावल्यावर पृष्ठभाग चिकट झाला तर वर लाखेचं पॉलिश आहे, तेच पुन्हा भरता येतं. काहीच झालं नाही तर मेलामाइन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) असा नवा लेप, म्हणजे अलीकडे कोणीतरी काम करून गेलं आहे. पावसाळ्यात अडकणारे ड्रॉवर रंधायला देऊ नका. धावपट्टीवर मेणबत्ती घासा आणि ऑक्टोबरपर्यंत थांबा.

१९. जाणकाराला फोटो दाखवायचे आहेत. कोणते काढू?

समोरून एकच पुरे. बाकी असे: पूर्ण पाठ; तळ, वस्तू उलटी करून; एक ड्रॉवर बाहेर काढून त्याचा पुढचा कोपरा बाजूने; ड्रॉवरचा तळ; काढलेला एक स्क्रू मोजपट्टीशेजारी; एक पाय वरून खालपर्यंत; असेल तो छाप किंवा लेबल. फ्लॅश बंद ठेवा, खिडकीचा तिरका उजेड घ्या, कारण रंध्याच्या आणि करवतीच्या खुणा तिरक्या उजेडातच दिसतात. लांबी, रुंदी, उंची लिहा. टेबल गोल असेल तर व्यास दोनदा मोजा, एकदा रेषांच्या दिशेने आणि एकदा आडवा. जुनं लाकूड आडवं आकसतं, म्हणून आडवं माप काही मिलिमीटर कमी भरायला हवं.